रेडिओवरचा किप्रोतिच

माझा दीर होसेया किप्रोतिच जपानला पळायला गेला, त्या वर्षी आमच्या गावात एकूण अकरा किप्रोतिच होते.

आमच्याकडे मूल कोणत्या वेळेला जन्मलं त्यावरून नाव पडतं. गुरं चरून परत यायच्या वेळेला झालेला मुलगा तो किप्रोतिच. मी पावसात जन्मले म्हणून जेरोप. माझा नवरा जन्मला तेव्हा म्हातारी मंडळी दारूच्या मडक्याभोवती बसली होती, म्हणून तो किमायो, आणि तो बिचारा थेंबालाही शिवत नाही. गुरं काय, रोजच परततात. त्यामुळे किप्रोतिच उदंड.

पण या नावात काहीतरी आहे, अशी लोकांची समजूत होती. सैन्यातला एक किप्रोतिच अडथळ्यांच्या शर्यतीत देशात पहिला आला होता. इतेनच्या बाजूचा एक किप्रोतिच चिखलातून, शेतांतून पळण्याच्या शर्यतीत सोनं घेऊन आला होता. तिसरा पळणारा नव्हता, नैरोबीत नावाजलेला वकील होता, पण लोक त्यालाही मोजत. "कोर्टात समोरच्याला पळवतोच की," म्हणत. चेबोइ मास्तरांनी या तिघांची वर्तमानपत्रातली चित्रं कापून शाळेच्या भिंतीला लावली होती. माझी सासू टापकिगेन, जिला सगळं गाव कोगो म्हणजे आजी म्हणायचं, ती चर्चला जाताना वाट वाकडी करून त्या भिंतीपाशी उभी राहायची.

या नावासाठी ती भांडली होती. होसेया झाला तेव्हा सुईण म्हणाली, "गुरं केव्हाच कुंपणात गेली, अंधार पडलाय, याला किपकेम्बोइ म्हणा, रात्रीचा." तर बाळंतिणीच्या कातड्यावरून ही ओरडली, "एक वासरू अजून बाहेर हंबरतंय, बहिरी झालीस काय?" त्या वासराच्या जोरावर पोराला किप्रोतिच नाव मिळालं. होसेया हे पाद्र्यांनी दिलेलं नाव. ते तिच्या तोंडी कधी आलंच नाही.

होसेया जपानला गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. उंच, काटकुळा, बोलायला लाजणारा. रोज पहाटे कड्याच्या वरच्या लाल रस्त्यावर बाकीच्या पोरांबरोबर पळायचा. एका गोऱ्या माणसानं त्याला निवडलं आणि तिकीट दिलं. घरी तो एवढंच म्हणाला, "पळायला जातोय, मॅरेथॉन आहे." आम्हीही जास्त विचारलं नाही.

शर्यतीच्या रविवारी मी कामावर होते. मिशनच्या दवाखान्यात रुग्णांच्या चिठ्ठ्या लिहायचं आणि फोन उचलायचं काम माझ्याकडे होतं; पंचक्रोशीत फोन तेवढाच. दुपारी एकच्या बातम्या लागल्या तेव्हा मी राखणदाराच्या रेडिओपाशी होते. सेल उतरलेले, आवाज येतोय जातोय. बातम्यांच्या शेवटी बाई म्हणाली, "जपानमधल्या मॅरेथॉनमध्ये आपल्या देशाच्या..." मग खरखर. मग स्वच्छ, मोठ्यानं, "...किप्रोतिचनं पहिला क्रमांक पटकावला." पुन्हा खरखर.

राखणदारानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग मी चपला तिथंच टाकून उतारावरून घराकडे धावत सुटले.

कोगो अंगणात मक्याची कणसं सोलत होती. मी धापा टाकत सांगितलं. तिनं मांडीवरचे दाणे आधी टोपलीत सारले.

"कोण म्हणालं?"

"रेडिओ."

"नाव घेतलं?"

"घेतलं आई. किप्रोतिच."

"तू तुझ्या कानांनी ऐकलंस?"

"माझ्या कानांनी."

तेव्हा ती उठली, तोंडाशी हात नेला आणि बाळ जन्मल्यावर बायका देतात तशी लांब आरोळी दिली. पलीकडच्या टेकडीवरून कुणीतरी तशीच आरोळी परत दिली. मी हसत हसत कामावर परतले. माझे पाय दगडांनी फुटले होते, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

तीन वाजता फोन वाजला.

"वहिनी?"

"होसेया! अरे बाबा, आम्ही इथं—"

"वहिनी, ऐक. एकच मिनिट दिलंय मला. मी शर्यत पूर्ण केली नाही."

मला वाटलं, तारेतच काहीतरी बिघाड आहे. "काय?"

"तीस किलोमीटरला पोटरी गेली. फाडकन आवाज आला. रस्त्याच्या कडेला बसलो, तिथल्या म्हाताऱ्या बायांनी अंगावर घोंगडं घातलं."

"पण रेडिओवर किप्रोतिच म्हणाले."

"तो फिलेमोन. फिलेमोन किप्रोतिच, खोऱ्यापलीकडचा, तुगेन जमातीचा. मला त्याच्यासाठीच आणलं होतं वहिनी, पुढं पळून वेग धरायला. तीसपर्यंत मी पुढं, मग तो. मला वाटलं होतं, आपणच सुटू पुढं. वेग धरणारेही सुटतात कधी कधी. आईला सांगू नकोस. मी येऊन माझ्या तोंडानं सांगेन."

"होसेया, मी तर आईला—"

फोन गेला होता. मी चार वाजेपर्यंत त्या काळ्या डब्याकडे बघत बसले. तो पुन्हा वाजला नाही आणि तिकडचा नंबर माझ्याकडे नव्हता.

घराच्या वळणावर पोचले तेव्हाच मला गाणं ऐकू आलं. अंगणात साठ-सत्तर माणसं होती. मोठा मेंढा कापून झाला होता, कातडं कुंपणावर पसरलं होतं, दोन चुलींवर मांस शिजत होतं. आणि मध्ये कोगो नाचत होती. तिची कंबर सात महिने धरलेली. पाणी आणायला जाताना वाटेत तीनदा बसायची. ती नाचत होती.

मी गर्दीतून आत शिरले, तिचा हात धरला. "आई, जरा इकडं या."

"आत्ता काही सांगू नकोस," ती म्हणाली. तिचं कपाळ घामानं चमकत होतं. "हीच ती!" ती सगळ्यांना म्हणाली. "हिनंच आणली बातमी! अनवाणी धावत आली माझी सून!" आणि सिनेन्देतची वेल, जी आमच्याकडे जिंकून आलेल्याच्या गळ्यात घालतात, ती तिनं माझ्याच गळ्यात घातली. बायका माझ्याभोवती गोल धरून नाचायला लागल्या. गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस अरप कितुर, त्यानं दुधाची चूळ माझ्यावर फुंकून आशीर्वाद दिला.

किमायोला मी कोठीमागं गाठलं आणि सगळं सांगितलं. तो हातात मांसाची परात घेऊन उभा होता. परात त्यानं खाली ठेवली नाही.

"नक्की?"

"त्याचाच फोन होता."

"मग सांग जा."

"मी? तुझी आई आहे ती!"

"बातमी कुणी आणली? मी आणली का?"

"किमायो!"

"बरं, थांब." तो परातीकडे बघत राहिला. "आज नको. लोकांच्या तोंडात घास आहे. उद्या सांगू."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन गावांतून बायका भेटायला आल्या. आमच्या भागाचा सरकारी उपप्रमुख येऊन गेला. म्हणाला, शुक्रवारी होसेया परत येईल तेव्हा सरकारी जीप पाठवतो, इतेनपासून वाजतगाजत आणू. आणि उद्याचा परवा झाला.

मंगळवारी एल्दोरेतहून वर्तमानपत्र आलं. चेबोइ मास्तर दवाखान्यात आले, म्हणाले डोकं दुखतंय. रांग संपेपर्यंत बसून राहिले आणि मग कोटाच्या आतून घडी केलेला कागद काढला. फोटोत हात वर केलेला एक बुटका, मोठ्या कानांचा मुलगा होता.

"जेरोप, हा आपला नाही."

"नाही, मास्तर."

"तुला माहीत होतं?"

मी मान डोलावली.

"शाळेत पोरं विचारतात, कधी लावणार फोटो म्हणून. काय सांगू त्यांना?" ते कागद उलटा-सुलटा करत राहिले. "आणि ती म्हातारी रोज येऊन भिंतीपाशी उभी राहते."

"तुम्हीच सांगा ना आईंना. तुमचं ऐकतील."

मास्तर पटकन उठले. "मला दोन गोळ्या दे डोक्याच्या," म्हणाले.

बुधवारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मास्तरांकडून बायकोला, बायकोकडून पाणवठ्यावर. मी मात्र किमायो सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं, जिला सांगायचं तिलाही नाही. उपप्रमुखाचा निरोप आला की जीप बिघडली. रस्त्यात लोक कोगोला भेटले की आणखीनच गोड बोलत आणि लवकर निघून जात.

"जीप बिघडली तर बिघडली," ती मला म्हणाली. "पोराला पाय आहेत."

त्या संध्याकाळी ती दुधाचे तुंबे तयार करत होती. विस्तवावरची जळकी काडी आत फिरवून तुंब्याला राख लावायची, मग त्यात दूध मुरत ठेवायचं. चांगलं दूध मुरायला दिवस लागतात. तिनं दोन तुंबे सोमवारीच भरले होते, हा तिसरा. मी शेजारी बसले. ठरवूनच बसले होते.

"आई, रेडिओ कधी कधी चुकतो."

"कशात चुकतो?"

"नावात. एकाच नावाची पुष्कळ माणसं असतात."

"असतात की. अकरा आहेत आपल्या गावात." तिनं तुंब्यात फुंकर घातली. "पण जपानला एकच गेला ना?"

मी तोंड उघडलं. तिचे हात राखेनं काळे झाले होते, आणि ती मन लावून तो तुंबा घासत होती. "द्या, मी धुते," म्हणाले आणि बाजूचा रिकामा तुंबा घेतला.

शुक्रवारी प्रवाशांची मटाटू गाडी रस्त्यावर थांबली तेव्हा गावातल्या सगळ्या बायका तिथं होत्या. खरं ठाऊक असूनही आल्या होत्या. कोगोला एकटीला उभं कोण करणार? गाणं म्हणत होत्या, पण एकीचीही नजर वर नव्हती. होसेया आधी पिशवी, मग चांगला पाय, मग पट्टी बांधलेला पाय असा उतरला. समोरची गर्दी बघून तो मागच्या मागं पुन्हा गाडीत चढतो की काय, असं मला वाटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी गाडीच्या चाकाकडे बघितलं.

कोगोनं त्याच्या गळ्यात वेल घातली आणि तुंबा त्याच्या तोंडाला लावला. तो प्यायला. दूध हनुवटीवरून शर्टावर सांडत होतं. "पोटभर पी," ती म्हणाली, "दमलायस."

दिवेलागणीला, माझ्या पोरांना आधी वाढून, मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा मध्ये ठेवून आम्ही चौघं बसलो असताना त्यानं सांगितलं. कसा पुढं पळत होता, पोटरी कशी गेली, कोण जिंकलं, सगळं. एकदाही थांबला नाही. कोगोनं सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागली.

"चुलत्यांना घाबरलास होय रे? बक्षिसाचे पैसे मागायला येतील म्हणून?"

"नाही गं आई. खरंच नाही जिंकलो."

"मला काही नको तुझं. घर नको, गाय नको. पदक तेवढं दाखव. एकदा हातात धरते आणि देते परत."

"नाहीच आहे माझ्याकडे!"

"मग कुणाला दिलंस?"

तो माझ्याकडे वळला. "वहिनी, तू सांग तिला."

"आई, तो खरं सांगतोय," मी म्हणाले. पाच दिवस जे निघत नव्हतं, ते आता निघालं होतं आणि त्याला काहीच वजन नव्हतं.

कोगोचं हसू विझलं. "तूच आलीस ना धावत? तुझ्या कानांनी ऐकून? आता त्यानं शिकवलं म्हणून फिरतेस?" मग त्याच्याकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "आईपासून लपवतोस."

त्यानंतर दोन आठवडे ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. त्याची पिशवी तिनं तो अंगणात नसताना दोनदा उचकटली. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. होसेया पट्टी बदलायला दवाखान्यात यायचा आणि बाकावर तासन्‌तास बसून राहायचा. "खोटं बोललो असतो ना वहिनी," तो एकदा म्हणाला, "तर तिनं लगेच ऐकलं असतं."

खोऱ्यापलीकडे मिशनचा आणखी एक दवाखाना होता; दर गुरुवारी औषधांची गाडी तिकडं जायची. मी त्या चालकाकडे फिलेमोन किप्रोतिचच्या नावानं चिठ्ठी दिली. चालक हसला. "तिकडं किप्रोतिच काय कमी आहेत? कुठला देऊ?"

"जो जपानला जिंकला तो."

मला वाटलं नव्हतं तो येईल. पण शनिवारी सकाळी तो आमच्या कुंपणाशी उभा होता. बुटका, मोठ्या कानांचा, उन्हातही जाकीट घातलेला. होसेया त्याला बघून उठला आणि दोघांनी एकमेकांचे हात धरले.

कोगोनं त्याला स्टूल दिलं, चहा दिला. "नाव काय बाळा?"

"किप्रोतिच."

"अरे वा. तूही पळतोस?"

"हो, कोगो." त्यानं माझ्याकडे बघितलं. बिचाऱ्याचे कान लाल झाले होते. मग त्यानं जाकिटातून फडक्यात गुंडाळलेलं पदक काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. "तुमचा मुलगा तीस किलोमीटर माझ्यापुढं होता. समोरून वारा होता. तो सगळा त्यानं अंगावर घेतला. तो पडला तेव्हा मी थांबलो नाही कोगो. थांबायला हवं होतं की नाही, मला कळत नाही. मी पळत राहिलो."

कोगोनं पदक पालथं केलं, सुलटं केलं. तिला वाचता येत नव्हतं. "तुझ्या आईनं मेंढा कापला?"

"नाही. आमच्याकडे रेडिओ नाही. मी घरी गेलो तेव्हाच कळलं तिला."

"ते बरं," ती म्हणाली. तिनं पदक फडक्यात नीट गुंडाळून त्याला परत दिलं आणि होसेयाकडे वळली. मग ती आत गेली. शाल घेतली, काठी घेतली आणि बाहेर पडली.

"आई, कुठं निघालात?"

"सांगायला. साठ माणसांनी माझा मेंढा खाल्लाय. त्यांना सांगायला नको? जिंकला तो माझा नव्हता म्हणून?"

मी मागं धावले. ती कंबर धरून पहिल्या घरात गेली. शेजारीण मक्याचं पीठ चाळत होती. कोगो म्हणाली, "तो दुसरा किप्रोतिच होता. माझा नव्हे." शेजारणीनं चाळण खाली ठेवली. "बसा ना कोगो," म्हणाली. "बसायला नाही आले. ऐकलंस का, माझा नव्हता." शेजारीण हाताचं पीठ झटकत राहिली. "माहीत आहे कोगो. जाऊ द्या."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर लहान मुलगीच बोलून गेली, "आम्हाला मास्तरांनी पेपर दाखवला." अरप कितुरच्या दारात म्हाताऱ्यानं तिला वाक्य पुरं करू दिलं नाही, हात जोडले फक्त. ती तरीही थांबली नाही. मी दहा पावलं मागं चालत होते. पुढं जाऊन अडवायचं धाडस नव्हतं आणि परत फिरायचंही नव्हतं. अकराव्या घरानंतर ती रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली.

"कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी. तीन वाजता."

"मेंढा?"

"मी आले तेव्हा कापून झाला होता."

"आणि मी?"

"तुम्ही नाचत होतात."

ती काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिली. "पोराला खोटं ठरवलं मी," ती म्हणाली. "त्याची पिशवी उचकटली. आणि तुम्ही सगळे बघत होतात."

"आई, मी बुधवारी सांगणार होते. तुम्ही तुंबा घासत होतात..."

"तुंब्याला बोल लावू नकोस."

मी हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. काठीवर भार देऊन स्वतःच उठली, दोनदा बसून तिसऱ्यांदा.

होसेयाशी तिचं जमलं; त्याच्या पोटरीला ती रोज संध्याकाळी तूप चोळायची. पोटरी मात्र पुरती बरी झाली नाही. तो आणखी दोन शर्यती पळाला, दोन्ही अर्ध्यात सोडल्या. आता तो पठारावर गव्हाच्या मोठ्या शेतांत कापणीचं यंत्र चालवतो. फिलेमोन पुढं आणखी तीन शर्यती जिंकला. त्याचं नाव रेडिओवर आलं की आमच्या घरात कुणीतरी उठून आवाज बारीक करतं.

माझ्याशी ती सगळा पावसाळा बोलली नाही. मी वाढलेलं जेवायची, मी गरम केलेल्या पाण्यानं अंघोळ करायची, माझी पोरं सांभाळायची. बोलायची नाही. मक्याची कापणी संपली त्या सुमाराला कंबर फार धरली म्हणून ती दवाखान्यात आली आणि रांगेतून सरकत सरकत माझ्या टेबलासमोर बसली.

"तुला काय वाटलं होतं," तिनं विचारलं, "मला कळलं तर मी मरेन?"

तिच्यामागं वीस माणसं होती. एक मूल रडत होतं. मी तिची चिठ्ठी लिहिली, तिच्या हातात दिली आणि नर्सच्या खोलीचं दार दाखवलं. ती भिंतीला धरून तिकडं गेली.